३ टीबीची हार्ड डिस्क एका केसिंगमध्ये ७४६ जीबी, दुसऱ्यात ३४९ जीबी रॉ दाखवतेय, फॉरमॅट करू का?

मुलुंड_पूर्व:
नमस्कार मंडळी, डोकं बंद पडायची वेळ आलीये म्हणून इथे टाकतेय. बाबांकडे एक ३ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, ती मोठी अ‍ॅडॉप्टरवाली, २०१२-१३ च्या सुमारास घेतलेली, तेव्हा घरी एक्सपीवालाच डेस्कटॉप होता. बाबांनी रिटायर झाल्यावर गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीच्या गणपतीच्या सगळ्या व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या, नाटकं, भजनं, फॅन्सी ड्रेस, विसर्जन, सगळं. एका तासाला जवळजवळ १३ जीबी खातं ते रेकॉर्डिंग म्हणून एवढी मोठी डिस्क. कॅसेटना आता बुरशी लागलीये त्यामुळे परत करायचा प्रश्नच नाही, जे आहे ते ह्या डिस्कवरच.

तर झालं असं की डब्याचा यूएसबी सॉकेट आतून निखळला. डिस्क फिरते, आवाज नीट आहे, खडखड वगैरे काही नाही. डबा उघडून आतली साधी साटा डिस्क काढली आणि घरात एक जुनं केसिंग पडलं होतं त्यात घातली तर विंडोज म्हणतं डिस्क ७४६ जीबीची आहे!! ३ टीबीचे ७४६ कसे झाले. मग लॅमिंग्टन रोडवरून नवीन यूएसबी ३ चं केसिंग आणलं, दुकानदार म्हणाला १० टीबीपर्यंत चालतं. त्यात लावली तर आता ३४९ जीबीचा एक ड्राइव्ह दिसतो, रॉ (म्हणजे आतलं काही ओळखता येत नाही) लिहिलंय, आणि उघडायला गेलं की "फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही" असा मेसेज येतो. एकच डिस्क, दोन केसिंग, दोन आकडे आणि दोन्ही चूक. फॉरमॅट करून मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचं असं एकाने सांगितलं, करू का? बाबांना अजून सांगितलेलं नाही.

घाटकोपर_फास्ट:
अगं हे नेहमीचंच आहे, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने, म्हणून कमी दिसतं. माझी १ टीबीची पण ९३१ च दाखवते. टेन्शन नको घेऊ.

लॅमिंग्टनचा_जुना:
घाटकोपर, ते १००० आणि १०२४ चं खरं आहे पण त्याने ७ टक्के जातात, टीबीच्या हिशोबात ९ टक्के. १ टीबीचे ९३१, २ टीबीचे १८६३, ३ टीबीचे २७९४, ४ टीबीचे ३७२६, ह्याच्या आसपास आकडा असेल तर डिस्कला काहीच झालेलं नाही, मॅकला लावा, स्नो लेपर्डपासून म्हणजे २००९ पासून मॅक १००० नेच मोजतं त्यामुळे तिथे पूर्ण दिसेल. पण ३ टीबीचे ७४६ म्हणजे तीन चतुर्थांश डिस्क गायब, ती काय १०२४ ने खाल्ली का.

मुलुंड ताई, फॉरमॅट करू नका. इनिशिअलाइझ करा म्हणालं तरी करू नका. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) पण नको, ते चुकीच्या मापावर दुरुस्ती करायला बसलं तर जे शाबूत आहे त्याचीही वाट लावेल. ज्याने फॉरमॅट करून मग रिकव्हरी करा सांगितलं त्याला आधी स्वतःच्या लग्नाच्या अल्बमवर करून बघ म्हणावं.

आता एक करा. नवीन केसिंगमध्येच डिस्क लावा, विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, माय कॉम्प्युटर नाही, डिस्क मॅनेजमेंट. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते, डावीकडे छोटा करडा खोका, त्यात डिस्क १, डिस्क २ असं लिहून आकडा असतो, आणि उजवीकडे पार्टिशनचे, म्हणजे डिस्कच्या भागांचे खोके. डावा आकडा म्हणजे डिस्कने आणि केसिंगने मिळून विंडोजला सांगितलेली एकूण साइझ. उजवे आकडे म्हणजे त्या डिस्कवर लिहिलेल्या पार्टिशन टेबलमधून वाचलेले. चूक डावीकडे आहे का उजवीकडे, एवढं कळलं की अर्धं काम झालं, बाकी जगातले सगळे "साइझ चुकीची दाखवतेय" वाले लोक हे न बघताच फॉरमॅट मारून मोकळे होतात. दोन्ही बाजूचे आकडे दशांशासकट इथे टाका.

आणि ७४६ चं आत्ताच सांगून टाकतो, ते पाठ आहे मला. डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यांमध्ये मोजली जाते. तुमचं जुनं केसिंग ज्या काळातलं आहे त्या काळातल्या चिपमध्ये सेक्टर मोजायचा आकडा ३२ बिटांचाच, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी सेक्टर, ते झाले २०४८ जीबी. त्याच्यापुढे गेलं की मीटर परत शून्यावर येतं. तुमच्या डिस्कचे २७९४.५२, त्यातून २०४८ वजा करा, ७४६.५२ उरतात. ४ टीबीची डिस्क असती तर १६७८ दिसले असते, ६ टीबीची असती तर दोन वळसे मारून १४९३, ८ ची असती तर १३०८. दुकानात कोणी हे आकडे सांगितले की डिस्क न बघता सांगायचो की केसिंग बदल. तेव्हा जुन्या केसिंगचा विषय संपला, ते भंगारात द्या किंवा २ टीबीच्या आतल्या डिस्कला वापरा.

मुलुंड_पूर्व:
दादा बघितलं. डावीकडे डिस्क १, बेसिक, २७९४.५२ जीबी, ऑनलाइन. उजवीकडे तीन खोके आहेत. पहिला ३४९.३१ जीबी रॉ, दुसरा १६९८.६९ जीबी अनअलोकेटेड, तिसरा ७४६.५२ जीबी अनअलोकेटेड. तो ७४६ इथे पण आलाय!! आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) पण चालवलं, त्यात ३०००.५ जीबी आणि गुड असं निळ्या रंगात आहे.

घाटकोपर_फास्ट:
च्यायला इंटरेस्टिंग आहे हे

लॅमिंग्टनचा_जुना:
झकास. डावा आकडा बरोबर आलाय, म्हणजे नवीन केसिंग आणि डिस्क दोघंही खरं बोलतायत. क्रिस्टलने डिस्कच्या तोंडून ३०००.५ वदवून घेतलेच आहेत. गुड दाखवतंय ते छान, पण खाली यादीत ०५ आणि सी५ अशा दोन ओळी असतील, रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे खराब झालेले आणि संशयित सेक्टर, त्यांच्या रॉ व्हॅल्यूला शून्य आहे ना तेवढं बघून घ्या.

तिसरा खोका ७४६ चा आलाय कारण डिस्कवर एमबीआर टाइपचं पार्टिशन टेबल आहे, त्यातही सेक्टरचे आकडे ३२ बिटांचे, म्हणून विंडोज २०४८ वर एक रेघ मारून पुढचं वेगळं दाखवतं. २०४८ मधून ३४९.३१ गेले की १६९८.६९. हिशोब लागला.

आता मजा ३४९.३१ ची. त्याला ८ ने गुणा. २७९४ आणि वर थोडं. म्हणजे पार्टिशन पूर्ण डिस्कचंच होतं, वाचताना आठ भागांतला एकच भाग वाचला जातोय.

ह्याचं कारण तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे, एक्सपी. ३२ बिट एक्सपीला जीपीटी (नवीन प्रकारचं पार्टिशन टेबल) कळतच नाही, त्याला फक्त एमबीआर, आणि एमबीआर ५१२ च्या सेक्टरने २ टीबीच्या पुढे जात नाही. त्या वेळी घरोघरी एक्सपी, सपोर्टच बंद झाला एप्रिल २०१४ मध्ये, मग ३ टीबीचा डबा विकायचा कसा? तर कंपन्यांनी डब्याच्या आतल्या छोट्या बोर्डात चलाखी केली, बोर्ड कॉम्प्युटरला सांगतो की माझा एक सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. सेक्टर आठपट मोठा झाला की तोच ३२ बिटांचा आकडा १६ टीबीपर्यंत पुरतो. आतली डिस्क मात्र बाहेर ५१२ चेच सेक्टर दाखवणारी, सगळं भाषांतर तो बोर्ड करत होता. तुम्ही बोर्ड काढून टाकलात, नवीन केसिंग इमानदारीत ५१२ सांगतं, आणि टेबलमध्ये लिहिलेले आकडे मात्र ४०९६ च्या हिशोबाचे.

लोकलचं घ्या. तुम्हाला माहितीये की लेडीज डबा कितवा आहे, पण इंडिकेटरवर १२ डबा आहे का १५ डबा ते बघितलंच नाही आणि नेहमीच्या खांबापाशी उभ्या राहिलात तर समोर काय येईल? डबा गाडीतच आहे, तुम्ही चुकीच्या जागी उभ्या आहात. विंडोज आत्ता तसं उभं आहे. पार्टिशन २५६ व्या सेक्टरला सुरू होतं असं टेबल सांगतं, विंडोज २५६ गुणिले ५१२ वर जाऊन बघतं, तिथे काहीच नाही म्हणून रॉ. खरं ते २५६ गुणिले ४०९६ वर, म्हणजे बरोबर १ एमबीवर आहे.

डेटा जागच्या जागी असणार. फक्त एक शंका उरते, ती पुढे सांगतो, जेवून येतो.

टेस्टडिस्क_मामा:
मग सोप्पं आहे की, टेस्टडिस्क चालवा, ते हरवलेलं पार्टिशन शोधून काढेल, बरोबर टेबल लिहा, रीस्टार्ट, झालं. फुकट आहे, कितीतरी लोकांचं काम झालंय त्याने.

कमांडलाइन_काकू:
मामा थांबा. टेस्टडिस्क उत्तम आहे, मी पण वापरते, जिओमेट्रीत जाऊन सेक्टर साइझ बदलून नुसतं बघायला आणि फायली कॉपी करून काढायला चालेल. पण "राइट" दाबायचं नाही. कारण नुसतं टेबल दुरुस्त करून भागत नाही इथे, एनटीएफएसच्या (फायली कुठे आहेत त्याचा हिशोब ठेवणारी विंडोजची फाइल सिस्टीम) स्वतःच्या पहिल्या सेक्टरमध्ये पण लिहिलेलं असतं की माझा सेक्टर ४०९६ चा आहे. टेबल बरोबर जागा दाखवायला लागलं तरी विंडोज म्हणणार डिस्क ५१२ ची, फाइल सिस्टीम ४०९६ ची, मला नाही जमत, आणि परत रॉच दाखवणार. तो आकडा हाताने बदलणारे शूर लोक आहेत, मान्य, पण एकमेव कॉपीवर ते प्रयोग नकोत. डिस्कवर एक बाइटसुद्धा न लिहिता काम होतंय तर लिहायचं कशाला?

टेस्टडिस्क_मामा:
आधी इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी) काढून इमेजवर करा मग, काय बिघडतं

कमांडलाइन_काकू:
इमेज काढायला दुसरी ३ टीबीपेक्षा मोठी डिस्क लागणारच, आणि ती असेल तर सरळ फायलीच कॉपी केलेल्या काय वाईट. डिस्क मरायला टेकलेली असती, पेंडिंग सेक्टर वाढत असते, तर इमेजच आधी असं मीही म्हटलं असतं.

लॅमिंग्टनचा_जुना:
आलो. काकूंशी सहमत.

तर शंका अशी की त्या काळातल्या काही डब्यांचे बोर्ड नुसते सेक्टर बदलत नव्हते, डेटा एन्क्रिप्ट पण करत होते, पासवर्ड टाकलेला नसला तरी. म्हणजे बोर्ड काढला की डिस्कवर नुसता कचरा दिसतो. तसं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, तोच किंवा त्याच जातीचा बोर्ड दुरुस्त करून डिस्क परत त्यालाच जोडायची, सॉकेट नवीन लावणं हे लॅमिंग्टनवरच्या कुठल्याही चिपलेव्हलवाल्याचं डाव्या हाताचं काम आहे. म्हणून जुना बोर्ड टाकला नाहीत ना?? टाकू नका.

तपासायचं असं. एचएक्सडी नावाचा फुकट हेक्स एडिटर आहे, अ‍ॅडमिन म्हणून उघडा, ओपन डिस्कमध्ये ही फिजिकल डिस्क निवडा, रीड ओन्लीची खूण मुळातच असते ती तशीच ठेवा. मग सेक्टर २०४८ वर जा. २५६ गुणिले ८ म्हणजे २०४८. तिथे उजव्या रकान्यात सुरुवातीलाच एनटीएफएस ही चार अक्षरं दिसली तर डेटा उघडा आहे, पेढे वाटायला हरकत नाही. नुसती गिचमिड असेल तर इथे लिहा.

विरार_स्लो:
मध्येच घुसतोय माफ करा पण विषय तोच आहे. मी ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी घेतली, ऑफरमध्ये दोन हजाराच्या आत मिळाली. विंडोज बरोबर १४.५ टीबी दाखवतंय म्हणजे काकांच्या हिशोबाने डावा खोका पण बरोबर, उजवा पण बरोबर. पण जे व्हिडिओ टाकले त्यातले सुरुवातीचे चालतात, नंतरचे नाव दिसतं, साइझ दिसते, चालत नाहीत. नवीन पोस्ट टाकू का?

कमांडलाइन_काकू:
नको, इथेच सांगते, उत्तर छोटं आहे. फसवलंय तुला. १६ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क काय भावाने मिळते ते कुठल्याही दुकानात विचार, मग एसएसडी दोन हजारात कोण देईल. असले डबे उघडले की बहुतेक वेळा आत एक मायक्रोएसडी कार्ड आणि एक कंट्रोलर निघतो, वजन यावं म्हणून कधी कधी लोखंडाचा तुकडा किंवा गोंद पण. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) खोटा आकडा भरलेला असतो. विंडोज बिचारं विचारतं किती मोठा आहेस, तो म्हणतो १६ टीबी, संपलं, विंडोज प्रत्येक बाइट मोजायला जात नाही. खरी जागा संपेपर्यंत सगळं नीट लिहिलं जातं, पुढचं एकतर टाकून दिलं जातं किंवा जुन्याच्या डोक्यावर लिहिलं जातं. फायलींची नावं आणि साइझ सुरुवातीच्या भागात असतात म्हणून ती दिसत राहतात, आत काही नसतं.

म्हणजे डावा खोका खोटं पण बोलू शकतो, एवढी भर काकांच्या नियमात.

खात्री करायची तर जर्मन सी-टी मासिकाचं एचटूटेस्टडब्ल्यू आहे, विंडोजवर चालतं, ते डिस्क भरेपर्यंत लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. लिनक्सवर एफथ्री. पण १६ टीबी भरायला जन्म जाईल, त्यापेक्षा स्टीव्ह गिब्सनचं व्हॅलिड्राइव्ह वापर, ते डिस्कभर ठिकठिकाणी टोचून बघतं आणि थोड्या वेळात खरी हद्द सांगतं. त्याआधी जे व्हिडिओ चालतायत ते काढून घे. रिपोर्टचा स्क्रीनशॉट लावून रिटर्न टाक. नाहीच घेतलं परत तर पार्टिशन खऱ्या साइझएवढंच करून वापरता येतं, पण मी त्यावर किराणा मालाची यादीसुद्धा ठेवणार नाही.

विरार_स्लो:
व्हॅलिड्राइव्ह चालवलं, ५८ जीबी. नुसते ५८. शिव्या इथे चालत नाहीत म्हणून थांबतो. रिटर्न टाकलंय.

नेरळ_माथेरान:
माझ्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हचं पण असंच झालंय, ती पण फेक का? आधी ५७ दाखवायची, लिनक्स टाकायला बूटेबल केली तेव्हापासून विंडोजमध्ये काही एमबीच दिसतात

लॅमिंग्टनचा_जुना:
फेक नाही. डावा खोका बघ, ५७ च असणार, उजवीकडे एक चिमुकलं पार्टिशन आणि बाकी विंडोजला न कळणारं. बूटेबल करताना इमेज जशीच्या तशी ओतली जाते, तिचं टेबल पण तिच्याबरोबर येतं. डिस्कपार्ट (विंडोजचं कमांडवालं टूल) उघड, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, मग नवीन पार्टिशन. सिलेक्ट करताना आकडा नीट वाच, क्लीन विचारत नाही, थेट साफ करतं, आणि पेनड्राइव्हऐवजी घरातली मेन डिस्क साफ केलेले लोक रडत आलेले पाहिलेत दुकानात. लॅपटॉपला बाकी काही जोडलेलं असेल तर काढून ठेव.

परळ_गिरणी:
अजून एक प्रकार राहिला काका, एचपीए. काही डेस्कटॉप मदरबोर्ड बायॉसची कॉपी हार्ड डिस्कच्या शेपटीला लपवून ठेवायचे, त्यासाठी डिस्कलाच सांगायचे की तू आतापासून इतकीच मोठी. साधारण १ एमबीच जायची पण कधी गणित चुकून १ टीबीची डिस्क ३२-३३ एमबीची पण होऊन बसायची. अशी डिस्क कुठल्याही केसिंगमध्ये घाला, डावा खोका चुकीचाच. लिनक्समध्ये एचडीपार्मला मोठी एन देऊन विचारलं की सध्याची आणि मूळची दोन्ही सेक्टर संख्या सांगतं, वेगळ्या निघाल्या तर एचपीए लागलाय. यूएसबीमधून बरेचदा ही कमांड आत पोचत नाही, डिस्क थेट मदरबोर्डच्या साटाला लावायची.

लॅमिंग्टनचा_जुना:
बरोबर आहे. आणि डावीकडे शून्य किंवा अगदीच भलता आकडा, सोबत डिस्कमधून टकटक किंवा अजिबात फिरल्याचा आवाज नाही, तर ती सॉफ्टवेअरची केसच नाही, डिस्कला स्वतःचंच फर्मवेअर प्लेटवरून वाचता येत नाहीये. आधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघा, साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात, नाही मिळाले तर फिरतच नाही. अ‍ॅडॉप्टर ठीक असेल तर बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या, फ्रीजरमध्ये ठेवा वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते करू नका.

मुलुंड_पूर्व:
मंडळी!!! सेक्टर २०४८ ला एनटीएफएस दिसतंय!!! ०५ आणि सी५ दोन्ही शून्य. बोर्ड पण आहे, बाबांनी स्क्रूच्या डबीत ठेवलाय, आमच्याकडे काही टाकलं जात नाही.

आता पुढे काय करू? नवीन ४ टीबीची डिस्क आणलीये कॉपीसाठी. लिनक्स कधी वापरलेलं नाही पण कोणी सांगितलं तर टाइप करू शकते.

कमांडलाइन_काकू:
वा वा. दोन रस्ते आहेत.

एक, विंडोजमध्येच डीएमडीई नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर. डिस्क उघडताना पॅरामीटरमध्ये सेक्टर साइझ ४०९६ करायची, मग पार्टिशन आपोआप बरोबर दिसतं आणि फोल्डर उघडतात. फुकट व्हर्जनमध्ये एका वेळी एकाच फोल्डरमधल्या ठरावीक फायली काढता येतात, तुमच्या फायली मोठ्या पण संख्येने कमी असतील तर चालून जाईल.

दोन, मला आवडणारा. उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा आणि "ट्राय" वर जा, इन्स्टॉल नको. टर्मिनल उघडून एलएसबीएलके म्हणा, २.७ टी वाली डिस्क कुठली ते बघा, समजा एसडीबी. मग सुडो लावून लोसेटअप कमांड, तिला बारकी आर म्हणजे रीड ओन्ली, मोठी पी म्हणजे पार्टिशन पण शोध, बारकी एफ म्हणजे रिकामा लूप (लिनक्सची नकली डिस्क) तूच निवड, बारकी बी आणि पुढे ४०९६ म्हणजे सेक्टर एवढा मोठा धर, आणि शेवटी डिस्कचा पत्ता. ह्याने तुमच्या तुटलेल्या डब्यातला बोर्ड जे करत होता तेच लिनक्स करतं, ५१२ ची डिस्क ४०९६ ची म्हणून दाखवतं. परत एलएसबीएलके केलंत की लूपच्या खाली पी१ दिसेल, त्याची साइझ २.७ टी असायला हवी, ३४९ जी दिसली तर बी चं काहीतरी चुकलंय. ते पी१ रीड ओन्ली माउंट करायचं, म्हणजे फक्त वाचायला जोडायचं, आणि फाइल मॅनेजरमधून नेहमीसारखं कॉपी. उबुंटू अगदी पुरातन नको, सेक्टर साइझ बदलायची सोय कर्नल ४.१४ पासून आहे.

दोन्ही डिस्क यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावा, नाहीतर अख्खा दिवस जाईल. लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा. स्पेलिंग खाजगी मेसेजमध्ये पाठवते.

मुलुंड_पूर्व:
काकू लूप०पी१, २.७ टी!!! फोल्डर उघडले. "गणपती १९९४" चालवून बघितलं, बाबा स्टेजवर आहेत, केस आहेत डोक्यावर 😂 रात्रभर कॉपीला लावलंय.

घाटकोपर_फास्ट:
ताई तो १९९४ वाला यूट्यूबवर टाक आता

मुलुंड_पूर्व:
कॉपी झाली, सगळं आलं, १.९ टीबी. एक गोष्ट खटकतेय पण. जुन्या डिस्कवर एका फोल्डरची साइझ आणि नवीन डिस्कवर "साइझ ऑन डिस्क" ह्यात फरक येतोय, नवीनवर बराच जास्त. आत बाबांनी स्कॅन केलेल्या पावत्या आणि छोट्या छोट्या टेक्स्ट फायली आहेत, हजारोंनी. काही बिघडलंय का? नवीन डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची आहे, टीव्हीला पण लावता यावी म्हणून. आणि जुन्या ३ टीबीचं काय करू, आता ती नवीन केसिंगमध्ये वापरता येईल?

लॅमिंग्टनचा_जुना:
बिघडलेलं नाही. एवढ्या मोठ्या डिस्कवर विंडोजचं एक्सफॅट सहसा १२८ केबीचे तुकडे पाडतं, २ केबीची पावती असली तरी तिच्या नावावर १२८ केबी अडकतात. एनटीएफएसमध्ये हे तुकडे ४ केबीचे असतात. साइझची ओळ दोन्हीकडे सारखी असली की झालं, ऑन डिस्कची वेगळी असू दे. व्हिडिओंना ह्याने काही फरक पडत नाही, पावत्यांचं फोल्डर झिप करून टाका.

जुनी डिस्क वापरता येईल, पण लगेच नको. आधी नवीन कॉपीतले व्हिडिओ इथून तिथून उघडून बघा, शक्य झालं तर महत्त्वाच्या फोल्डरची अजून एक कॉपी भावाकडे वगैरे ठेवा. मग डिस्कपार्टने क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, एकच पार्टिशन, एनटीएफएस. क्लीनच्या आधी ४ टीबीवाली काढून ठेवा. २७९४ दिसतील. बारा-तेरा वर्षांची डिस्क आहे, त्यामुळे तिच्यावर फक्त दुसरीकडे असलेल्या गोष्टीच ठेवा.

कमांडलाइन_काकू:
आणि तो जुना बोर्ड आता स्क्रूच्या डबीतून काढला तरी चालेल.

मुलुंड_पूर्व:
बाबांना विचारलं, नाही म्हणतायत.